२,९४७ परत आले, ७९९ बुडाले: सर्व्हर बंद झालेल्या एका गेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

नावं बदललीत. ज्याचं हे प्रकरण आहे त्याला आपण बंड्या म्हणू. गेमचं, कंपनीचं आणि ज्या ऑनलाइन स्टोअरवरून घेतला त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण शेवटी आपसात मिटलं आणि मिटलेल्या भांडणात परत काडी घालायची त्याची इच्छा नाही.

बंड्या चिंचवडला राहतो, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, आणि गाड्यांचं वेड इतकं की रेसिंग गेमसाठी त्याने स्टिअरिंग व्हील घेतलंय जे तो डायनिंग टेबलाला क्लॅम्प करतो आणि जेवायच्या वेळी काकूंनी आवाज दिला की गपगुमान काढून ठेवतो. २८ जून २०२५ ला, शनिवारी, समर सेलमध्ये त्याला हा गेम दिसला, २,९९९ चा ७०% डिस्काउंटमध्ये ८९९ ला. घेतला. रात्रीपर्यंत आवडला म्हणून १,२४९ चा एक्सपान्शन पास, म्हणजे गेमचे जादा भाग, तोही घेतला, आणि पुढच्या आठवड्यात गेममधल्या गाड्या घ्यायला क्रेडिट्सचे दोन पॅक, ७९९ चा एक. एकूण ३,७४६ रुपये, सगळे क्रेडिट कार्डावर.

गेम ऑनलाइन होता, पण बंड्या तो बहुतेक वेळ एकटाच खेळायचा. मोकळा रस्ता, रात्रीची वेळ, रेडिओ चालू, बास. तरी इंटरनेट गेलं की गेम मेन मेनूच्या पुढे जायचा नाही. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही.

१७ जुलैला कंपनीने जाहीर केलं की खऱ्या गाड्या गेममध्ये दाखवायचे गाड्यांच्या कंपन्यांबरोबरचे लायसन्स करार संपत असल्यामुळे ३१ ऑक्टोबरला सर्व्हर बंद होतील, त्यानंतर गेम कोणालाच खेळता येणार नाही, आणि आजपासून विक्री थांबवत आहोत. खरेदीला १९ दिवस झाले होते, खेळून ३७ तास.

अडचण नेमकी काय होती

स्टोअरचा रिफंडचा नियम पीसीवर खेळणाऱ्यांना तोंडपाठ असतो, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं तर पैसे परत. बंड्या दोन्हीत बसत नव्हता. त्याने रिफंडचं बटण दाबलं, चाळीस मिनिटांत नकार आला, जो कुणी माणसाने लिहिलेला नव्हता हे शाळकरी पोरालाही कळलं असतं.

मग त्याने त्याच रात्री कंपनीच्या सपोर्टला मेल लिहिला. तो मेल मी वाचलाय. साधारण नऊशे शब्द, त्यात 'चोर' चार वेळा, अर्धी वाक्यं कॅपिटलमध्ये, 'द क्रू' या गेमचा सगळा इतिहास, आणि शेवटी 'आता मी तुमचे सगळे गेम पायरेट करणार' अशी धमकी. मागणी एकच, गेम चालू ठेवा. उत्तरात आलं की आपल्या भावना आम्ही टीमपर्यंत पोहोचवू.

'द क्रू'चं उदाहरण त्याने चुकीचं दिलं नव्हतं, ते सांगायला हवं. युबिसॉफ्टचा तो २०१४ चा रेसिंग गेम, डिसेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, मग ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्याकडेही काही उरलं नाही. त्यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली, म्हणणं एवढंच की गेम बंद करताना तो कुठल्यातरी स्वरूपात खेळता येईल असा सोडून जा. युरोपियन युनियनमधल्या त्यांच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला तो नेमका जुलै २०२५ मध्ये, आणि त्याच महिन्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आपला 'अँथम' हा ऑनलाइन गेम जानेवारी २०२६ मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं. म्हणजे हवाच तापलेली होती आणि बंड्या त्या हवेत लिहीत होता. पण चिंचवडच्या माणसाचे ३,७४६ रुपये युरोपातल्या सह्यांनी परत येत नाहीत.

ग्रुपवरचा वाद

आमच्या ग्रुपवर आठवडाभर नुसता राडा. एक बाजू म्हणे विकत घेतला म्हणजे माझा झाला, कपाटातल्या पुस्तकासारखा, दुकानदार घरात येऊन पुस्तक उचलून नेतो का. दुसरी बाजू म्हणे टर्म्स वाचल्यास का, तिथे स्पष्ट लिहिलंय की हे लायसन्स आहे, म्हणजे नुसती खेळायची परवानगी, आणि आम्ही ते कधीही काढून घेऊ शकतो. कुणीतरी म्हणालं की हे मुंबईतल्या पागडीच्या खोलीसारखं आहे, ना धड मालक ना धड भाडेकरू. त्यावर गिरगावात वाढलेल्या एकाने सुनावलं की पागडीवाल्याला निदान कायद्याचं संरक्षण तरी आहे रे.

सगळ्यात चांगला मुद्दा मांडला तो आमच्यातल्या स्टुडिओवाल्याने. हा पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत गाड्यांची थ्रीडी मॉडेल्स बनवतो, दुसऱ्यांच्या गेमसाठी. तो म्हणाला की सर्व्हरचं सॉफ्टवेअर खेळणाऱ्यांना देऊन टाका म्हणणं सोपं आहे, त्यात दहा ठिकाणचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असतं जे कंपनीचं स्वतःचं नसतं, आणि आधीपासून तसं डिझाइन केलं नसेल तर शेवटी बसून ते सुटं करायला खरे पैसे लागतात. आणि वर, ३७ तासांना ८९९, मल्टिप्लेक्सपेक्षा स्वस्त पडलं की तुला.

यावर बंड्याने जे उत्तर दिलं ते तेव्हा मला नुसतं तोंडाला तोंड वाटलं होतं. तो म्हणाला, "पिक्चरचं तिकीट काढताना शो किती वाजता संपतो ते माहीत असतं मला."

सगळं प्रकरण पुढे याच वाक्यावर फिरलं, पण ते आम्हाला कळायला अजून एक आठवडा गेला.

पर्याय काय होते

पहिला पर्याय सोडून देणं. घरचे, ऑफिसचे, सगळे हेच म्हणत होते, साडेतीन-पावणेचार हजारासाठी कशाला डोकं खराब करतोस.

दुसरा पर्याय बँकेला सांगून कार्डाचा व्यवहार उलटवणं, म्हणजे चार्जबॅक. हा सल्ला माझा होता आणि तो वाईट होता. मी म्हणालो बँकेला फोन कर, सेवा मिळाली नाही म्हण, मोकळा हो. बंड्याने फॉर्म जवळजवळ भरलाही होता. मग त्याला सुचलं की आधी स्टोअरच्या अटी वाचाव्यात, आणि तिथे लिहिलेलं की पेमेंट उलटवलं तर खातं गोठवलं जाऊ शकतं. त्याच्या खात्यात अकरा वर्षांचे एकशे चाळीसच्या वर गेम होते. म्हणजे एका बंद पडणाऱ्या गेमचे पैसे सोडवायला गेलेला माणूस उरलेले सगळे गमावून बसला असता. चार्जबॅक बेकायदेशीर नाही, पण ज्याच्या दुकानात आपलं सगळं सामान ठेवलंय त्याच्याशी ते हत्यार वापरताना दहा वेळा विचार करावा लागतो, आणि मी एकदाही केला नव्हता. फॉर्म तसाच राहिला.

तिसरा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, पण ती हेल्पलाइन आहे, कोर्ट नाही. तक्रार कंपनीकडे सरकवते, आदेश देत नाही.

चौथा, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे जातात, पाच लाखांपर्यंत फी शून्य, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनी परदेशातली असली तरी पुण्यातच. हे ऐकून बंड्या उड्याच मारायला लागला. त्याला बसवला तो त्याच्या आतेभावाने.

वळण: रविवार, २७ जुलै

आतेभाऊ, म्हणजे दादा, वकील, जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस, गेम आयुष्यात खेळलेला नाही, मोबाइलवर ल्युडोसुद्धा नाही. काकूंनी कांदेपोहे केले होते, स्टिअरिंग व्हील टेबलावरून काढून सोफ्यावर ठेवलेलं. त्याने नऊशे शब्दांचा मेल वाचला, कंपनीचं उत्तर वाचलं, आणि विचारलं, "तुझं भांडण काय आहे, गेम तुझा आहे की नाही हे, की तुला फसवलं हे?"

बंड्या म्हणाला दोन्ही.

दादा म्हणाला दोन्ही नको, एक धर. पहिलं धरलंस तर तुला म्हणावं लागेल की त्या अटीच अन्यायकारक आहेत. अन्यायकारक कराराचं कलम कायद्यात आहे, पण त्याची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. दुसरं धरलंस तर 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या बघ. २०१९ च्या कायद्यात त्या व्याख्येत ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हे सरळ घातलंय. ते जिल्ह्यात चालतं, आणि अटीत लायसन्स लिहिलंय की मालकी याने त्याला फरक पडत नाही.

मग प्रश्न राहिला की २८ जूनला कंपनीला माहीत होतं हे दाखवायचं कसं. इथे स्टुडिओवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. आदल्या आठवड्यात कंपनीची बाजू घेणारा तोच. त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं: गाड्यांच्या कंपन्यांचं लायसन्स ठराविक मुदतीचं असतं, तारीख करारावरच असते, ते काय एका सकाळी उठून संपत नाही. म्हणून तर 'फोर्झा होरायझन ४' हा रेसिंग गेम विक्रीतून काढायच्या आधी जवळजवळ सहा महिने, जून २०२४ मध्येच सांगितलं होतं की १५ डिसेंबरला काढतोय, आणि ॲड-ऑन विकणं तेव्हाच थांबवलं. शिवाय ज्यांनी आधी घेतलाय त्यांचा चालूच राहिला.

खोलीत कुणीच बोललं नाही काही वेळ. कंपनीच्या स्वतःच्या घोषणेतलं कारण, लायसन्स संपतंय, हाच पुरावा होता. करार संपायची तारीख फाइलमध्ये पडलेली असताना ७०% सेल लावला आणि वर क्रेडिट्स विकत राहिले. पिक्चरचा शो किती वाजता संपतो हे तिकीटवाल्याला ठाऊक होतं, फक्त तिकीट काढणाऱ्याला सांगितलं नाही.

काय केलं

दादाने नऊशे शब्दांच्या अकरा ओळी केल्या. खरेदीच्या तारखा, रकमा, ऑर्डर नंबर. घोषणेची तारीख. तुमच्याच निवेदनाप्रमाणे कारण लायसन्सची मुदत आहे. ही मुदत २८ जूनला तुम्हाला माहीत होती की नव्हती ते कळवा. माहीत होती तर विक्रीच्या पानावर का लिहिली नाही ते कळवा. ३,७४६ रुपये मूळ कार्डावर परत करा. चोर नाही, पायरसी नाही, युरोप नाही.

पाठवलं कुणाला, हेही महत्त्वाचं. सपोर्टला नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल वस्तू येतात, भारतातल्या ग्राहकांना नियमित विकणारी परदेशी कंपनीही येते, आणि तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायची असं बंधन आहे. त्या अधिकाऱ्याचा मेल आयडी स्टोअरच्या साइटवर होता, अगदी तळाला, बारीक राखाडी अक्षरात, शोधायला बंड्याला वीस मिनिटं लागली. गेम कंपनीचा तसा पत्ता मिळालाच नाही म्हणून त्यांच्या अटींमध्ये कायदेशीर नोटिशीसाठी दिलेल्या मेलवर तेच पत्र गेलं. दोन्हीकडे २८ जुलै, सोमवार.

स्टोअरची पोच दुसऱ्या दिवशी आली. कंपनीकडून चार दिवस काहीच नाही, म्हणून १ ऑगस्टला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतला. त्या डॉकेट नंबराने पुढे काय झालं हे खरंच सांगता येत नाही, पण बंड्याने तो पुढच्या प्रत्येक मेलच्या विषयात टाकला आणि त्यानंतर उत्तरं माणसं लिहायला लागली. योगायोग असेल.

२६ ऑगस्टला, महिना भरायला दोन दिवस असताना, पहिला प्रस्ताव आला. ८९९ रुपये, स्टोअरच्या वॉलेटमध्ये, 'सदिच्छा म्हणून'. माहीत होतं की नव्हतं या प्रश्नाला उत्तर नाही.

इथे निर्णय घ्यायचा होता. बंड्या घ्यायला तयार होता, दमला होता बिचारा. दादा म्हणाला प्रश्नाला उत्तर टाळलंय म्हणजे उत्तर गैरसोयीचं आहे, अजून एक मेल टाक, तीन ओळींचा, प्रश्न तोच, आणि लिही की उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करतोय, तिचा मसुदा सोबत जोडला आहे. मसुदा खरोखर लिहून जोडला. नुसती धमकी आणि तयार कागद यात फरक पडतो असं दादाचं म्हणणं, आणि पडला.

निकाल

९ सप्टेंबरला दुसरा प्रस्ताव. गेमचे ८९९, पासचे १,२४९ आणि न वापरलेल्या क्रेडिट पॅकचे ७९९, एकूण २,९४७. कार्डावर नाही, वॉलेटमध्येच. कोणतीही चूक मान्य न करता. वापरलेल्या पॅकचे ७९९ नाहीत, कारण त्यातून घेतलेली गाडी तुम्ही चालवलीत.

बंड्याने मान्य केलं. ७९९ साठी आणि वॉलेट की कार्ड या मुद्द्यासाठी आयोगात जायचं का यावर दोन दिवस चर्चा झाली. मला वाटतं जायला हवं होतं, कारण आयोगात त्या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यावं लागलं असतं आणि ते पुढच्या दहा जणांच्या कामी आलं असतं. पण जायचं त्याला होतं, सुट्ट्या त्याच्या जाणार होत्या, आणि मी तोच ज्याने चार्जबॅक सुचवला होता, तेव्हा माझ्या मताला ग्रुपवर किती भाव होता ते समजून घ्या.

ग्रुपवर यावरून कंपनीला शाबासकी देणारेही निघाले. त्यांना मी सोनीच्या 'कॉन्कॉर्ड' या ऑनलाइन गेमचं उदाहरण दाखवलं. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, चालला नाही, ६ सप्टेंबरला बंद, आणि घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत, न भांडता. तिथे दोनच आठवडे झाले होते आणि सगळ्या जगाचं लक्ष होतं हे मान्य, पण ठरवलं तर करता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट कुणाकडेच नव्हता. १७ जुलैला विक्री थांबली तसं ते पान बदललं, आणि त्यावर आधी 'सतत इंटरनेट आवश्यक' हे कुठे, किती ठळक लिहिलं होतं हे आता सांगता येत नाही. दादाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. ऑर्डरचे मेल होते म्हणून निभावलं.

पहिले दहा दिवस वाया गेले ते मागणी चुकली म्हणून. गेम चालू ठेवा ही मागणी सपोर्टला बसलेला पोरगा पूर्ण करूच शकत नाही, पैसे परत करा ही मात्र कुणीतरी करू शकतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की लायसन्स देत असाल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' म्हणायचं नाही. चांगला कायदा आहे, पण त्यातही गेम कधी मरणार हे सांगायची सक्ती नाही. बंड्याला तर लायसन्स आहे हे आधीच माहीत होतं, त्याला तारीख माहीत नव्हती.

आणि क्रेडिट्स. गेम आणि पासला निदान एमआरपीसारखी किंमत होती, क्रेडिट्सचं मात्र ७९९ ला ६,५०० असलं काहीतरी गणित, गाडी ५,२०० ला, म्हणजे नेहमी थोडे उरतातच. दुसरा पॅक उघडला नव्हता म्हणून परत मिळाला. पहिल्या पॅकमधले उरलेले १,३०० क्रेडिट्स ना खर्च करता आले ना परत आले, आणि ते पत्रात वेगळे मागायचे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, वकिलालाही नाही.

३१ ऑक्टोबरला रात्री बंड्याने टेबलाला व्हील लावलं, काकूंनी त्या दिवशी काही म्हटलं नाही. घाटाच्या रस्त्यावर गाडी होती, तिसऱ्या वळणावर स्क्रीनवर कनेक्शन तुटल्याची पाटी आली. लायब्ररीत त्या गेमचं चित्र अजून आहे, हिरवं 'प्ले' बटणही आहे, दाबलं की मेनूपर्यंत जातं.

वॉलेटचे २,९४७ मात्र तोवर राहिले नव्हते. दिवाळी सेलमध्येच त्याने अजून एक रेसिंग गेम घेतला. ऑनलाइनच. ग्रुपवर आधी विक्रीच्या पानाचे सहा स्क्रीनशॉट पडले, तारखेसकट, आणि मग खाली मेसेज, "कोण कोण येतंय रात्री?"